अर्ध्या कोटाचं गाणं

प्रिय ठमे,

सकाळी तुझ्या खोलीचं दार वाजवलं तेव्हा तू आतून टेबलावर बोटं वाजवून मला परत पाठवलंस. आवाज राखतेयस हे कळलं. आवाज राखणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, सगळं भांडण एकाच बाजूला कलतं. म्हणून पियानोचं झाकण लावून, त्यावर कागद ठेवून हे लिहायला बसलोय. प्रकाशवाला शिडीवर आहे आणि मधूनच वरून विचारतो, 'मास्तर, काही पडलं का डोक्यावर?' मागे कुणीतरी खुर्च्या पुसतंय. उद्या संध्याकाळी पडदा उघडेल आणि दुसऱ्या अंकातलं ते युगुलगीत तू एकटी गाशील. बाईच्या ओळी तुझ्या आवाजात, आणि पुरुषाच्या ओळी त्या आवाजात, जो तू पुन्हा कधी काढणार नाहीस असं मी धरून चाललो होतो. तू हो म्हणाली आहेस. मालक खूश आहेत. मी नाही. हे तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण तोंडी बोललो की माझा आवाज चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो.

हे सुरू कसं झालं ते आधी मांडतो. मला गोष्टी क्रमाने लागतात, त्यावर तू हसतेस, हस. नाटकातली बाई खिडकीशी उभी राहून नवऱ्याचे शर्ट इस्त्री करते, नवरा लांब कुठे खाणीवर कामाला गेलेला, आणि इस्त्री करता करता तिला त्याचा आवाज ऐकू येतो. एवढंच ते गाणं. नवरा रंगमंचावर यायचाच नाही. आपला नायक विंगेत उभा राहून, एका हातात चहाचा कप धरून त्या ओळी गायचा, आणि तरी बरा गायचा. त्याला मालिकेत काम मिळालं आणि तो गेला. आता दुसरा गाणारा शोधायचा, सरळ होतं. पण मालकांच्या मेहुण्याने कुठूनसं तुझं जुनं गाणं काढून त्यांना ऐकवलं आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. मालक वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. त्यांनी मला समोर बसवलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, 'मास्तर, लोक नाटकाला येत नाहीत हो, लोक काहीतरी बघायला येतात.' मी म्हटलं, गाणं ऐकायला येतात. ते म्हणाले, 'ते तुमच्या काळात.' त्यांचं आणि माझं वय एकच आहे. मग ती जाहिरात लागली. अर्ध्या चेहऱ्याला लिपस्टिक, अर्ध्याला मिशी, खाली ठळक अक्षरांत 'एकच गळा, दोन आवाज'. मिशीसुद्धा नीट काढलेली नाही. अर्धी मिशी नाकाच्या मध्यरेषेवर संपायला हवी, ती पुढे ओठाच्या दुसऱ्या बाजूला सांडली आहे. आणि तिकिटं संपली. हे मी नाकारत नाही.

तू शिंपीकाकांकडे माप द्यायला उभी होतीस तेव्हा मी दारात होतो, तुला दिसलो नसेन. काका म्हणाले, 'आजवर लोकांना तोकडे कोट दिले, पण मुद्दाम अर्धाच पहिल्यांदा शिवतोय.' डाव्या बाजूला कोट, उजव्या बाजूला तो निळा झगा, मधे शिवण. डाव्या खांद्यात त्यांनी कापूस भरला, मग आणखी भरला. एरवी तू त्यांच्याशी कमरेच्या चुणीवरून असं भांडतेस की त्यांच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडतात. त्या दिवशी तू खुंटीसारखी उभी. रंगभूषेच्या मावशींनी तुझं नाव ठमा ठेवलं ते उगाच नाही, आरशासमोर बसून नाक उडवत हे पुसा, ते परत करा, असं चालतं तुझं. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'मास्तर, आज बाईसाहेबांनी एक खोड काढली नाही. अंगात ताप आहे का बघा.' मी ताप बघितला नाही. तुला काय झालंय ते मला परवाच्या तालमीत कळलं.

ती तालीम मी बारकाईने सांगतो, कारण बाकी सगळे टाळ्या वाजवत होते, आणि टाळ्या वाजवणाऱ्याला कमी ऐकू येतं. पहिलं कडवं तू तुझ्या पट्टीत गायलीस, काळी दोन, नेहमीसारखं. मग डावा खांदा पुढे केलास आणि पुरुषाच्या ओळी घेतल्यास. आवाज खरोखर आला. तसाच, जाड, गोल, एका दमात मागच्या भिंतीला जाऊन टेकणारा. शिडीवरच्या प्रकाशवाल्याच्या हातून पाना पडला. त्याच्या तरुणपणातलं होतं ना तुझं ते गाणं. मग तुझं दुसरं कडवं आलं, बाईचं, आणि तू सुराच्या किंचित खाली लागलीस. कुणाला कळलं नाही. मी सूर मोठा करून हाताशी दिला, तू त्याला धरून वर आलीस. तिसऱ्या कडव्याला पहिला शब्द निघालाच नाही. ओठ हलले, नुसती हवा आली. तू हसलीस, पाणी मागितलंस, म्हणालीस, 'मास्तर, इस्त्रीने घसा भाजला बहुतेक.' सगळे हसले. पण तुझी बोटं इस्त्रीच्या टेबलाच्या कडेवर पांढरी पडली होती आणि ती कड तू बराच वेळ सोडली नाहीस. खाली उतरलेला गळा वर येताना वाट चुकला. एकदा चुकला, ते घशाचं दुखणं म्हणून मी सोडून देईन. पण हा खेळ रोज व्हायचाय, चालला तर वर्षभर. मला भीती याची आहे की एखाद्या संध्याकाळी तू परत यायला निघशील आणि तुझी पट्टी जागेवर नसेल. मग तुझ्याकडे राहील तो एकच आवाज, तोही तुझा नसलेला.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस तुला कसा आठवतो मला माहीत नाही, मला असा आठवतो. समूहगानासाठी बायका हव्या होत्या. रांगेच्या शेवटी तू, मानेभोवती राखाडी स्कार्फ दोन वेढे घेऊन बांधलेला, उकाड्यात. कागदावर नवं नाव होतं. तू फार वरच्या पट्टीत गायलीस, गळा चिमटीत धरून, एखाद्याने दुसऱ्याच्या घरात पाऊल न वाजवता चालावं तसं. दुसऱ्याच ओळीला मी ओळखलं. तू शब्द ठेक्यावर उचलत नाहीस, ठेका जरा पुढे जाऊ देतेस आणि मग त्याच्या मागून येतेस. ते जुनं गाणं गाणाऱ्या मुलाचंही तसंच होतं. ते गाणं दुकानादुकानांत वाजत होतं, बसमध्ये वाजत होतं, आणि लोक म्हणत, पोरगं ठेक्यात कच्चं आहे. मी त्यावरून चारचौघांत भांडलोय की ती चूक नाही, ती चाल आहे. मग गाणं ऐन भरात असताना तो मुलगा दिसेनासा झाला. कुणी म्हणे परदेशी गेला, कुणी म्हणे दारू, कुणी तर सरळ मेला म्हणून मोकळे. आणि इथे रांगेच्या शेवटी तू उभी होतीस. मला फार आश्चर्य वाटलं नाही. वाईट एवढंच वाटलं की इतकी चांगली गाणारी बाई स्वतःचाच गळा आवळून गातेय. मी म्हटलं, सोमवारपासून ये, वेळेवर ये. मी ओळखलं होतं हे मी तुला आजवर सांगितलं नाही आणि तूही कधी विचारलं नाहीस. दोघांनाही ते बरं वाटत होतं असं मी समजतो.

मी कुणाकडे शिकलेलो नाही. पियानो दुरुस्तीच्या दुकानात लाकूड घासता घासता, तुटक्या पट्ट्या बसवता बसवता कानात जे गेलं तेवढी माझी शाळा, आणि ती मी कुणापुढे झाकत नाही. तुझी पट्टी शोधायला मी जशी जुन्या पियानोची तार लावतो तसाच बसलो होतो, एक एक घर खाली, थांबून, ऐकून. तू हटून बसायचीस. अर्धा सूर खाली घेतला की तोंड मिटायचीस. एकदा मी पियानोचं झाकण आपटलं आणि विचारलं, खाली काय वाघ आहे? तू म्हणालीस, 'खाली तो राहतो, मास्तर.' मी झाकण परत उघडलं. मग मी म्हटलं, तो राहतो तिथवर जायचंच नाही, मधल्या मजल्यावर एक खोली रिकामी दिसतेय, बघू तरी. तू हसलीस, आणि काळी दोन या पट्टीत गायलीस. ना बायकांची ठरलेली पट्टी, ना पुरुषांची. स्कार्फचा एक वेढा तू त्याच दिवशी सोडलास. दुसरा कधी सोडलास ते मला कळलंही नाही. त्यानंतर या कंपनीतलं प्रत्येक गाणं मी तुझ्यासाठी त्या पट्टीत नव्याने लिहिलं, आणि लिहिताना मला एकदाही असं वाटलं नाही की मी कुणावर उपकार करतोय. उलट मी फुशारकी मारायचो. म्हणायचो, बाकीच्यांनी आवाज ऐकला, मी आवाजाचं घर शोधलं.

कामं मात्र तुला कशी मिळाली ते आठवून अजून माझं डोकं फिरतं. आधी पांढऱ्या कपड्यातलं भूत. मग चेटकीण. मग ती मोलकरीण, जिने फक्त दारातून आत यायचं आणि लोकांनी हसायचं, एवढंच काम होतं. तू आत आलीस, थांबलीस आणि हसू संपेपर्यंत हातातल्या ट्रेमधले कप नीट लावत राहिलीस, सगळ्यांचे कान एका बाजूला. काही खेळांनंतर कुणी हसेनासं झालं. दिग्दर्शक म्हणाला, 'अगं, विनोद मारलास तू.' तू म्हणालीस, 'मी कुठे मारला, आधीच मेलेला होता.' मग ती परिचारिका, एका गाण्याची. त्या गाण्याला लोकांनी पहिल्यांदा तुझ्यासाठी पुन्हा पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि तू विंगेत येऊन माझ्याकडे न बघता म्हणालीस, 'पट्टी बरोबर होती.' एवढीच दाद. मला पुरली. त्यानंतर मुलाखती घेणारे येऊ लागले, सगळे आडून आडून तेच विचारणारे. एकाला तू सांगितलंस, 'गाण्याचं विचारा, बाकीचं मी डॉक्टरला सांगते.' तो बिचारा पेन शोधत राहिला. एवढं सगळं चालून तू या नाटकापर्यंत आलीस, जिथे तू एक साधी बायको आहेस, भूत नाहीस, विनोद नाहीस. आणि तिथेच तुला अर्धा कोट चढवतायत.

म्हणून परवा तालमीनंतर मी तुझ्या खोलीत आलो आणि जे बोललो ते बोललो. तू आरशातून माझ्याकडे बघून म्हणालीस, 'मास्तर, तुम्ही पट्टी सांगा. माझे आईबाप होऊ नका.' मला लागलं ते. पण तू चुकीचं बोलली नाहीस. मी विचार करत राहिलो की ही हो का म्हणाली. मालकांच्या भिडेला तू कधी पडली नाहीस. जाहिरातीत मोठं नाव यावं म्हणून तू हे करणार नाहीस, नाव लहान छापलं म्हणून मी भांडलो होतो, तू नव्हतीस. मला काही केल्या थांग लागेना. काल दुपारी लागला, आणि लागल्यापासून मला स्वस्थता नाही.

तिकीटखिडकीवाल्याने हाक मारली, 'मास्तर, या बाई ऐकत नाहीत, तुम्हीच सांगा.' खिडकीशी एक वयस्कर बाई उभ्या होत्या, कपडे कडक इस्त्रीचे, पर्स दोन्ही हातांत धरलेली. त्यांनी तिकीट आधीच घेतलं होतं, त्यांना खुर्ची बदलून हवी होती. रांगेच्या टोकाची, दाराजवळची. खिडकीवाला सांगत होता, आजी, ती पियानोच्या अगदी मागची आहे, कानाशी दणदण होईल. त्या म्हणाल्या, 'मला ऐकायलाच यायचंय, बाळा. आणि उठून जावंसं वाटलं तर लोकांच्या पायांवर पाय द्यायला नको.' हनुवटी वर करून बोलायची ही तऱ्हा मी रोज बघतो. मी ओळख दिली, मी पियानोवाला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, 'मग तुम्हाला माहीत असेल. तो गाणार आहे ना?' मी म्हटलं, ती गाणार आहे. त्या म्हणाल्या, 'ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आवाजाचं विचारतेय. जाहिरातीत लिहिलंय ते खरं आहे का?' त्याच पुढे बोलल्या, 'फोनवर मी सांगितलं त्याला. त्या आवाजात गाणार असशील तर येते. इतकी वर्षं झाली, एकदा ऐकू दे. बाकी मला काही बघायचं नाही. मी डोळे मिटून बसेन.'

तेव्हा मला कळलं, ठमे, तू कुणाला हो म्हणालीस ते.

मी त्यांना ती खुर्ची दिली. तुझी आई आहे म्हणून नव्हे, त्यांचं म्हणणं मुद्द्याचं होतं म्हणून. मग त्यांना पाणी हवं होतं, आत आणून बसवलं, आणि त्या आपणहूनच बोलू लागल्या. तुझा आवाज फुटला तो सगळ्यात आधी त्यांनी ऐकला म्हणे. न्हाणीघरातून कुणीतरी परका पुरुष गातोय असं वाटलं आणि त्या केरसुणी घेऊन दाराशी उभ्या राहिल्या, बाहेर ये म्हणून दरडावत. मी विचारलं, मग? 'मग काय, माझंच पोर बाहेर आलं, डोक्याला साबण. मी केरसुणी मागे लपवली. दोन दिवस विचित्र वाटलं, मग तोच आवाज घरात नसला की करमेना.' हे सांगताना त्या हसल्या, आणि हसू अर्ध्यावर सोडून पर्सचा चाप उघडझाप करत बसल्या. मी त्यांना एक गोष्ट सांगू शकलो असतो, की बाई, दाराआडून नवा आवाज आला तेव्हा एकदा तुम्ही केरसुणी खाली ठेवली होती. बोललो नाही. ते त्यांना सांगणं माझं काम नव्हे. पण तुला सांगणं आहे. तुझ्या आईला एका आवाजाची सवय होती, मग दुसऱ्या आवाजाची झाली, आणि दोन्ही वेळा त्यांचं पोर एकच होतं. तिसरा आवाज त्यांनी ऐकलेलाच नाही. कुणी ऐकवलाच नाही. उद्या ऐकतील, पण कुठला? नवऱ्याच्या ओळी त्या जुन्या आवाजात आल्या की त्यांना हवं होतं ते मिळेल, आणि मग त्या उठतील की बसतील ते मी सांगू शकत नाही. तू सांगू शकतेस का? तू पणाला काय लावलंयस ते तुला तरी नीट दिसतंय का? त्यांना तुझ्यातला गेलेला मुलगा एका संध्याकाळपुरता परत द्यायचा, आणि त्या बदल्यात तुझी पट्टी. आणि मिळेल काय, तर दाराजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेली आई.

मी भावनेत वाहून लिहितोय असं तुला वाटेल. मी तसा माणूस नाही हे तू जाणतेस, पियानोची एक पट्टी किंचित सैल असली तरी मला जेवण जात नाही, तोच हा मी. घरी माझी ताई म्हणते की मला माणसांपेक्षा तारा जास्त कळतात. असेल. पण तारेचं एक मला पक्कं कळतं. जी तार तिच्या सुराच्या फार खाली सोडून पुन्हा वर ताणतात, आणि रोज तसं करतात, ती सूर धरत नाही. तुटत नाही, तुटली तर निदान कळतं. ती नुसती लागत नाही.

आता हे पत्र लिहिण्याचं खरं कारण. नवऱ्याच्या ओळी मी खाली नेल्या आहेत, एवढ्या खाली की त्या तुझ्या त्या जुन्या आवाजापेक्षाही माझ्या गळ्याला सोयीच्या आहेत. होय, माझ्या. उद्या त्या मी गाणार आहे, पियानोवर बसल्या बसल्या, तोंड तुझ्याकडे करून. मी आजवर माणसांसमोर गायलेलो नाही. सगळ्या गाणाऱ्यांना चाली शीळ घालून शिकवल्या त्याचं कारण तेच. दुकानाचा मालक म्हणायचा, तू वाजव बाबा, गाऊ नकोस, गिऱ्हाईक पळेल. परवापासून मी कपड्यांच्या कोठीत, त्या जाड कोटांच्या मधे उभा राहून सराव करतोय, कारण तिथे आवाज बाहेर जात नाही असा माझा समज होता. मावशींनी दार उघडून विचारलं, 'मास्तर, पोटात कळ आलीय का?' तेव्हा आवाज कसा आहे ते तू ताड. मालकांना मी सांगितलेलं नाही. जाहिरात खोटी पडेल, लोक ओरडतील, मालक मला काढतील. काढू देत, या वयात नवी नोकरी शोधायची लाज मला नाही, बेसूर म्हणून हसू व्हायची आहे, आणि तीही मी मोजून बसलोय. पण तुझ्या डोक्यावरून मी काही करणार नाही. गाणाऱ्याला रंगमंचावर चकवणारा वाजवणारा मी नाही, आणि तुझा बाप व्हायचं नाही हेही तू सांगितलं आहेस. तुझं पहिलं कडवं संपलं की नवऱ्याची ओळ यायच्या आधी मी चार ठोके मोकळे ठेवले आहेत. त्या ओळी तुला गायच्या असतील तर तू श्वास घेशील. तुझा श्वास मला पियानोच्या आवाजातसुद्धा ऐकू येतो. तो आला तर मी तोंड मिटून तुझ्या त्या जुन्या आवाजाच्या पट्टीत जाईन आणि पुढे ज्या दिवशी तुझा खेळ असेल त्या प्रत्येक दिवशी तसाच वाजवीन, एक शब्द न बोलता. तो आला नाही, तर मी गाईन. माझ्या पाठीमागच्या खुर्चीत तुझ्या आईने डोळे मिटलेले असतील. त्यांच्या कानाशी एक पुरुष गायला लागेल, वाईट गायला लागेल, आणि पहिल्याच शब्दाला त्यांना कळेल की हे आपलं पोर नव्हे. मग ते कुठे आहे हे त्यांना शोधावं लागेल. मी माझ्या ओळी संपवून थांबेन, आणि तुझ्या कडव्याचा सूर देईन, काळी दोन, नेहमीपेक्षा जरा मोठा.

तुझाच,
मास्तर